गहू आज बंद करू नका, आणि नंतर कधीच 'थोडासा' देऊ नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी ८ वर्षांची, वजन १७ किलो, दोन वर्षं आयर्नचं सिरप चालू आहे तरी हिमोग्लोबिन ७.९ च्या वर सरकत नाही, पोट फुगलेलं, शाळेच्या रांगेत कायम पहिली. आता टीटीजी, म्हणजे सिलिॲक आजाराची (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतडं झिजतं तो) रक्ततपासणी, २१२ आलीये (नॉर्मल २० च्या आत), डॉक्टर एंडोस्कोपी म्हणतायत आणि घरी सासूबाई म्हणतायत एवढ्याशा पोरीच्या पोटात नळी कशाला, गहू बंद करून बघू, फरक पडला तर कळेलच. तुम्ही विचारलंय की गहू कधीपासून बंद करू, आणि सात माणसांच्या घरात हे सांभाळायचं कसं.

मी आहारतज्ज्ञ आहे, १७ वर्षं सिलिॲकची मुलं आणि मोठी माणसं दोन्ही बघतेय. हे काम मनापासून करते म्हणून जरा लांबलचक लिहिणार आहे, सवडीने वाचा.

आधी तातडीचं. निदान पक्कं होईपर्यंत गहू बंद करू नका. पोळी, बिस्किट, जे चालू आहे ते चालू ठेवा. हे ऐकायला विचित्र वाटतं, विष आहे कळल्यावर कोण आई ते ताटात वाढेल, पण टीटीजी टेस्टमधे मोजतात त्या रक्तातल्या अँटिबॉडी आणि आतड्याची झीज या दोन्ही गोष्टी ग्लूटेन पोटात जात असेल तरच दिसतात. गहू सोडला की हळूहळू रिपोर्ट नॉर्मलकडे यायला लागतो आणि मग डॉक्टरला सांगताच येत नाही की हा आजार होता की नव्हता. माझ्याकडे इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला होता, कुणीतरी सांगितलं म्हणून दोन वर्षं गहू सोडलेला, बरं वाटत होतं, पण निदान नाही, त्यामुळे घरचे म्हणायचे मनाचे खेळ आहेत आणि तोही मधेच पाव खायचा. शेवटी टेस्टसाठी त्याला परत रोज पोळ्या खायला लावाव्या लागल्या, सहा-आठ आठवडे, परीक्षेच्या वर्षात, त्याचे ते हाल मी विसरलेले नाही. तुमच्या मुलीवर ती वेळ आणू नका.

सासूबाईंचा मुद्दा चुकीच्या भावनेतून आलेला नाही, पण 'फरक पडला' हा पुरावा पुरत नाही, कारण मैद्याची बिस्किटं आणि बाहेरचं खाणं बंद झाल्यावर कुठल्याही मुलाला थोडं बरं वाटतंच. आणि हे पथ्य जन्मभराचं आहे ताई. उद्या ती १६ वर्षांची होईल, हॉस्टेलला जाईल, मैत्रिणी पिझ्झा खात असतील, तेव्हा 'आजीने सांगितलं म्हणून' एवढ्यावर कुणी पथ्य पाळत नाही. हातात पक्का रिपोर्ट असला की पाळतात.

आता एंडोस्कोपीचं. गुंगी देऊन करतात, नळी साधारण करंगळीएवढी जाड, दहा-पंधरा मिनिटांचं काम, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून पाच-सहा बारीक तुकडे घेतात आणि मुलं बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येतात. तुकडे एकच नाही तर चार-पाच तरी घेणार ना आणि अगदी सुरुवातीच्या भागातूनही घेणार ना, हे विचारायला लाजू नका, कारण झीज कधी कधी ठिपक्याठिपक्यांनी असते. आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक केसाळ उंचवटे असतात, व्हिलाय म्हणतात त्यांना, अन्नातलं लोह, कॅल्शियम सगळं तिथूनच शोषलं जातं. सिलिॲकमधे शरीर ग्लूटेनवर चिडून स्वतःचेच हे उंचवटे सपाट करतं. म्हणूनच तुमचं आयर्नचं सिरप लागू पडत नव्हतं. सिरपमधे खोट नव्हती आणि तुम्ही द्यायला विसरत होता असंही नाही, ते शोषायला जागाच उरली नव्हती.

एक गोष्ट डॉक्टरांशी बोलून घ्या. युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात म्हटलंय की टीटीजी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दहा पट किंवा जास्त असेल आणि पुन्हा वेगळं रक्त घेऊन केलेली ईएमए नावाची टेस्टही पॉझिटिव्ह आली, तर मुलांमधे बायोप्सीशिवाय, म्हणजे आतड्याचे तुकडे न काढता, निदान करता येतं. तुमची टीटीजी दहा पटीच्या जेमतेम वर आहे. आपल्याकडे बरेच डॉक्टर तरीही बायोप्सी पसंत करतात, आणि इतकं कमी हिमोग्लोबिन असताना आतून बघून घेणं मला तरी योग्य वाटतं. निर्णय त्यांचा आणि तुमचा, फक्त विचारा जरूर. टोटल आयजीए (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडीचं एकूण प्रमाण) झालीये का तेही बघा. तुमच्या केसमधे टीटीजी एवढी वर आहे त्यामुळे तिचा फारसा प्रश्न नाही, पण धाकट्या भावाची टेस्ट कराल तेव्हा लागेल, कारण काहींच्या शरीरात आयजीएच कमी बनतं आणि मग टीटीजी खोटी नॉर्मल येते. हो, भावाची आणि तुम्हा दोघांची टेस्ट करायचीच, त्रास काही नसला तरी. सख्ख्या नात्यात शंभरात साधारण सात-आठ जणांना हा आजार निघतो. एचएलए टेस्ट, म्हणजे जनुकांची तपासणी, कुणी सुचवली तर एवढं लक्षात ठेवा, ती निगेटिव्ह आली तर सिलिॲक जवळजवळ नाहीच, पण पॉझिटिव्ह आली म्हणून आजार आहे असं होत नाही, ती जनुकं भरपूर निरोगी लोकांमधे असतात. आणि ते केसाचा नमुना घेऊन किंवा शंभर पदार्थांची 'फूड इनटॉलरन्स' यादी देणारं महागडं पॅकेज असतं ना, त्यात एक रुपया घालू नका.

सासूबाईंना एक खरी गोष्ट सांगा. हॉलंडमधे विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते, त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच गव्हावर संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भयंकर दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंदसुद्धा खात होते, आणि त्या उपासमारीत सिलिॲकच्या मुलांची तब्येत मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती परत आजारी पडली. १९५० साली त्यांनी गहू आणि सिलिॲकच्या संबंधावर प्रबंध लिहिला. म्हणजे हे काही आजकालचं डाएटचं फॅड नाही.

निदान झालं की त्या दिवसापासून मात्र उलटं. गहू, जव आणि राय (हे परदेशी धान्य, आपली मोहरी नव्हे), तिन्ही पूर्ण बंद. थोडासा नाही, सणाला नाही, प्रसाद म्हणून नाही. का ते आकड्यात सांगते. दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन बहुतेक रुग्णांना सोसतं, ५० मिलिग्रॅम रोज गेलं तर आतड्याची झीज होताना दिसलीये. आणि घरच्या एका पोळीत साधारण ३ ग्रॅम ग्लूटेन असतं, म्हणजे एका पोळीचा तीनशेवा भाग ही मर्यादा. चिमूटभर कणीक म्हटली तरी त्याच्या वर जाते.

आणि गहू म्हणजे फक्त पोळी नाही. रवा, मैदा, शेवया, लापशी, दलिया, सगळा गहूच. खपली पण गहूच, आरोग्याला चांगली म्हणून कुणीतरी हमखास आणून देतं, तिच्यात ग्लूटेन आहे म्हणजे आहे. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. मेतकुटात गहू असतो, थालीपीठाच्या भाजणीत बहुतेक घरी असतो, सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो, हुलग्याच्या शेंगोळ्यात कणीक घालतात, चकोल्या तर उघडच आहेत. हुरडा ज्वारीचा चालेल, गव्हाच्या ओंब्या भाजलेल्या नाही. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींमधे बार्लीचं माल्ट असतं, तुम्ही लिहिलंय की वजन वाढावं म्हणून ती दिवसातून दोनदा देताय, निदानानंतर ती बंद.

आता हिंग. याबद्दल जरा थांबून सांगते कारण यात माझी चूक झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एक बाई माझ्याकडे होत्या, पथ्य इतकं कडक की लग्नात पाणीसुद्धा घरचं न्यायच्या, आणि दीड वर्ष टीटीजी खालीच येत नव्हती. मी त्यांनाच परत परत विचारत होते की कुठे चोरून खाता का, आज आठवलं तरी वाईट वाटतं. शेवटी म्हटलं स्वयंपाकघरातले सगळे डबे घेऊन या. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, गव्हाचं पीठ. बाजारातलं बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग थोडंसं आणि बाकी डिंक आणि पीठ, ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. रोज दोन वेळा वरणाच्या फोडणीत जात होतं. माझ्या यादीत तेव्हा हिंग नव्हतंच, त्यांना मी सांगितलंच नव्हतं. हिंग बदललं आणि सहा महिन्यांत रिपोर्ट उतरला. त्यामुळे हिंग घेताना डबीवर तांदळाचं पीठ आणि डिंक लिहिलेलं आणि ग्लूटेन फ्री छापलेलंच घ्या, नाहीतर सरळ जिरं-लसणाची फोडणी द्या. तुमच्याकडचा वर्षाचा काळा मसाला कांडपावरून येतो, त्यातही हिंग असतं, लोणच्यात असतं, पापडात असतं. या वर्षीचा मसाला बाकीच्यांना वापरा, तिच्यासाठी किलोभर वेगळा करा.

पाकिटावर वाचायचं कसं, तर आपल्याकडे एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमात ग्लूटेन फ्री म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. आणि ज्यात गहू आहे त्या पाकिटावर ॲलर्जीच्या सूचनेत 'व्हीट' किंवा 'ग्लूटेन' लिहावंच लागतं, ते बहुतेक वेळा घटकांच्या यादीच्या शेवटी असतं. बेसनाच्या पाकिटावरही कधी कधी 'गव्हाचा अंश असू शकतो' असं असतं, ते टाळा, हरभरा डाळ आणून घरी दळा. सोया सॉसमधे गहू असतो. ओट्स पहिलं वर्ष तरी नको, आपल्याकडच्या साध्या ओट्समधे गहू मिसळलेला असण्याची शक्यता फार.

आता दळण, माझ्या मते महाराष्ट्रातल्या घरांची खरी अडचण हीच. लोक म्हणतात आमची तर भाकरी आहे, काळजी कसली, आणि ते खरंही आहे. तुम्ही बार्शीकडच्या, मंगळवेढ्याची मालदांडी तुमच्या दारात, तुमच्या आजेसासूबाईंच्या काळी पोळी सणालाच होत असणार. पण तीच ज्वारी गिरणीत जाते आणि तुमच्या आधीच्या माणसाचे दहा किलो गहू त्याच जात्यातून गेलेले असतात, तुमच्या पिठात ते आलेच. वर गिरणीवाले पहिला घाणा तुमच्याच डब्यात पाडतात. म्हणून शक्य असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका, अगदी दिवाळीत पाहुणे आले तरी. घरात गव्हाचं दळण त्याच यंत्रावर होणार असेल तर त्या घरघंटीचा काही उपयोग नाही. लगेच जमणार नसेल तर तोपर्यंत तांदूळ, भगर, नाचणी, धुऊन वाळवून मिक्सरवर काढा आणि नव्या चाळणीने चाळा. ज्वारी आधी ताटात घेऊन निवडा, गव्हाचे दाणे सापडतात, मग धुवा, वाळवा.

स्वयंपाकघरात तिचं वेगळं काय लागेल तर पोळपाट-लाटणं, परात, चाळणी, तवा, लाकडी चमचे, आणि पिठाचे डबे वरच्या फडताळात. लाकूड आणि चाळणी धुऊन साफ होत नाही, नवीनच आणा. स्टीलची पातेली, ताटं, वाट्या नीट घासल्या की चालतात. तळण तिचं आधी, किंवा तेल वेगळं, पुऱ्या तळलेल्या तेलात तिचा बटाटेवडा नाही. तिची भाकरी आधी करून झाकून ठेवा आणि मग बाकीच्यांच्या पोळ्यांची कणीक मळा, कणकेची पिठी उडते.

हे सगळं सासूबाईंना समजावताना मी एक युक्ती वापरते, बहुतेक घरांत लागू पडते. त्या एकादशी, चतुर्थी करत असतील. पोळीच्या ताटातला चमचा साबुदाण्याच्या खिचडीत गेला तर चालतो का? उपवासाचं दळण गिरणी साफ झाल्यावर वेगळं आणतात की नाही? बस, त्यांना हेच सांगा की हिचा रोज उपवास समजायचा, फक्त ज्वारी-बाजरी-डाळी चालणारा. वेगळं ठेवणं म्हणजे काय हे त्या पिढीला आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी अशा आज्या बघितल्यात ज्यांनी आधी सगळ्यात जास्त विरोध केला आणि नंतर नातीच्या डब्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ही जबाबदारी त्यांच्याकडेच सोपवा, खरंच.

सणांचं म्हणाल तर आपल्याकडे बरंच आहे. उकडीचे मोदक, अनारसे, पोह्यांचा चिवडा, तांदळाच्या भाजणीची चकली (घरी दळलेली), बेसन लाडू, नारळाच्या वड्या, श्रीखंड, बासुंदी. करंजी, शंकरपाळे, चिरोटे, गुलाबजाम, जिलबी नाही. पुरणपोळीच्या दिवशी तिला पुरण वाटीत द्या, वर तूप, जमलं तर तांदळाच्या उकडीत भरून दिंड करा. सत्यनारायणाचा शिरा घरी तांदळाच्या रव्याचा करा, सगळ्यांसाठीच, म्हणजे तिला वेगळं वाटणार नाही. दुसऱ्यांकडे गेलात तर प्रसादाला नमस्कार आणि केळं, आणि 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणणाऱ्यांना तुम्ही उत्तर द्या, तिला द्यायला लावू नका.

शाळेत वर्गशिक्षकांना भेटून लिहून द्या. डबा वाटून खायचा नाही हे आठ वर्षांच्या मुलीला फार जड जातं, म्हणून तिच्या डब्यात मैत्रिणींना देता येईल असं थोडं जास्त घाला, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, म्हणजे ती देणारी होते. वाढदिवसाच्या केकच्या दिवशी बाईंकडे तिचा खाऊ आधीच ठेवलेला असू दे. आणि हस्तकलेची ती रंगीत मऊ क्ले असते तिच्यात गव्हाचं पीठ असू शकतं, हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

हॉटेलात जाल तेव्हा इडली-डोसा सेफ असं धरून चालू नका, सांबारात हिंग असतं आणि डोशाच्या तव्यावर रवा डोसाही पडतो. पहिले सहा महिने बाहेर नकोच.

फरक कधी दिसेल? चिडचिड आणि भूक आधी सुधारते, दोन-तीन आठवड्यांत आया सांगतात की पोर हसायला लागलं. पोट उतरायला महिना-दोन महिने. पहिले काही आठवडे दुधाने जुलाब होऊ शकतात, झिजलेल्या आतड्याला दुधातली साखर पचत नाही, तसं झालं तर दूध थोडे दिवस थांबवा, दही-ताक बहुतेकांना चालतं, कॅल्शियमला नाचणी आहेच, शंभर ग्रॅममधे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. आयर्न चालूच ठेवायचं, आता ते लागू पडेल. व्हिटॅमिन डी, बी१२, फॉलिक ॲसिड आणि थायरॉईड तपासून घ्या. उंची पहिल्या वर्षात भराभर वाढते, दारामागे पेन्सिलीने खूण करून तारीख टाका. टीटीजी सहा महिन्यांनी, मग वर्षाने, पूर्ण नॉर्मल यायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि आकडा नुसता खाली येत राहिला तरी ते बरोबरच चाललंय. वर्षभरात खाली येतच नसेल तर मुलीला रागवू नका, आधी हिंग आणि दळण बघा.

शेवटी डब्याची भाकरी, कारण तुम्ही लिहिलंय की दुपारपर्यंत ती कडक होते आणि डबा परत येतो. पोळी मऊ राहते ती ग्लूटेनमुळे, ज्वारीत ते नाही, म्हणून उकड काढायची. एक वाटी पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप घालून खळखळ उकळा, गॅस बंद करून एक वाटी पीठ घाला, ढवळून दहा मिनिटं झाकून ठेवा. गरम असतानाच एक छोटा चमचा साधं इसबगोल घालून हाताला पाणी लावत चांगलं पाच मिनिटं मळा, मळण्यात कंटाळा करू नका. तांदळाच्या पिठीवर पातळ लाटा, तव्यावर भाजा आणि उतरवल्या उतरवल्या तूप लावून सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, उघडी ठेवली की गेली. तिच्यात गूळ-तूप किंवा बटाट्याची भाजी घालून रोल करून द्या. पहिल्या दिवशी दोन-तीन फाटतील, त्या आमटीत कुस्करून घरच्यांनी खा, चौथ्या-पाचव्या दिवशी हात बसतो.